दिराचा धरलेला हात

रांजणगव्हाणला पहिल्यांदा आलेला माणूस या घाटावर येऊन हसतो. तुम्हीही हसा, आम्हाला सवय आहे. ते समोर कौलारू घर दिसतंय ना, तो निळीचा कारखाना. त्याच्या दाराशीच ओढ्याला चांगला घडीव दगडांचा घाट आहे, पाणीही वाहतं आहे. तरी त्या घरातली माणसं प्यायचं पाणी तिथून भरत नाहीत. हंडे घेऊन खाली जातात, कारखान्याचं पाणी ओढ्याला मिळतं त्याच्याही खाली, थेट गवळ्यांच्या वाडीच्या पाणवठ्यावर. तिथून भरलेला हंडा घेऊन चढ चढत परत. दाराशी पाणी असताना अर्धा कोस पायपीट! लोक विचारतात, यांना वेड लागलंय का?

दसऱ्याला आलात तर याहून मोठी गंमत बघाल. हंगामातला पहिला रांजण त्या दिवशी उघडतात. त्याआधी कारखान्याचा मालक, किंवा मालकीण असेल तर मालकीण, त्या खालच्या पाणवठ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहते. वाडीतली एक म्हातारी तिथलंच पाणी तांब्यात भरून देते. मालकानं तो एका दमात संपवायचा. आणि तो पीत असताना शेजारी त्याचा भाऊबंद उभा असतो. त्या भाऊबंदाचं उजवं मनगट वाडीतली दुसरी एक बाई दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवते. तांब्या रिकामा होईपर्यंत सोडत नाही. मागे एक पाहुणा वाडीतल्या बाईला विचारत होता, "का हो, त्या माणसाला फेफरं येतं का?"

फेफरं नाही येत. बसा जरा सावलीला, सांगतो.

सात-आठ पिढ्यांमागची गोष्ट असेल. या घरात तेव्हा बयजा नावाची बाई होती. निळाऱ्याची लेक, निळाऱ्याचीच सून. नवरा पटकीच्या साथीत गेला, मूलबाळ नव्हतं. लोकांना वाटलं, बाई आता रांजण मोडीत काढेल आणि माहेरची वाट धरेल. सुतक फिटलं त्या सकाळी बयजा बाहेर आली, पदर कमरेला खोचला आणि बाराच्या बारा रांजण तिनं स्वतः ढवळले. मग ओसरीवर जमलेल्या भाऊबंदांना म्हणाली, "बघून झालं असलं तर घरी जावा. आम्हाला कामं हायत."

तर अशी ती बाई.

त्या काळी नीळ सावकाश व्हायची. मानेपर्यंत जमिनीत पुरलेले रांजण, त्यात नीळ, चुना, गूळ आणि शिजवलेलं टाकळ्याचं बी. हे सगळं आंबून कापड रंगवण्याजोगं व्हायला बारा दिवस लागत. रांजण तयार झाला की निळारी म्हणतात, रांजण आला. आता आला की नाही, हे ओळखायचं कसं? तर जिभेनं. बयजा रोज सकाळी करंगळी रांजणात बुडवायची आणि जिभेला लावायची. डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि सांगायची, "कच्चा हाय," नाहीतर "आला." तिचा अंदाज कधी चुकला नाही, असं सांगतात. जन्मभर हे केल्यानं तिची जीभ निळी पडली होती. पोरं तिला बघून जीभ काढून दाखवायची आणि तीही त्यांना आपली निळी जीभ काढून दाखवायची.

रांजणांचा गाळ ओढ्यात जायचा, तेव्हा खालच्या वाडीत पाणी निळं व्हायचं. वाडी गवळ्यांची. त्यांच्या म्हशी तोंडं निळी करून घरी यायच्या, धुतलेली धोतरं निळी व्हायची. वाडीतली ठकू गवळण भांडायला पहिली. घाटाच्या पायऱ्या चढत ती ओरडायची, "मालकीणबाई, आमचं दूध निळं झालं की तुमच्याच दारात आणून ओतीन बघा!" बयजा वरून उत्तर द्यायची, "आण, आण, फुकटात रंगवून देते!" अशी भांडणं वर्षानुवर्षं चालली. पण त्या निळ्या पाण्यानं वाडीत कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

मग मोरोशेट आला. मोठा व्यापारी, बंदरापर्यंत त्याचा माल जायचा. त्याला दसऱ्याच्या आत निळ्या कापडाची सहाशे ठाणं, म्हणजे सहाशे अख्खे तागे हवे होते. बारा दिवसांच्या निळीनं सहाशे ठाणं कशी व्हायची? बयजानं नकार दिला. पण तिचा धाकटा दीर भिवाजी पुढं झाला. म्हणाला, "वहिनी, मला महिनाभर द्या. बंदरावर नीळ दोन दिवसांत करत्यात. मी शिकून येतो."

भिवाजी वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवतो. गोष्ट ऐकून लोक त्याला शिव्या देतात, ते मला पटत नाही. भाऊ गेल्यावर त्यानं वहिनीला एकटं पडू दिलं नव्हतं. तिनं अखेर होकार दिला, तसा तो चालत बंदरावर गेला आणि पिवळ्या दगडाची पोती घेऊन आला. हरताळ. चुन्याबरोबर हरताळ रांजणात घातला, की म्हणे दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रांजण तयार. पहिला असा रांजण झाला तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं. बयजानं सवयीनं करंगळी बुडवली आणि तोंडाकडं नेली, तर भिवाजी घाईघाईनं म्हणाला, "वहिनी, एवढ्या रांजणाला जीभ लावायची न्हाई."

"का बरं?"

"जिभेला सोसत न्हाई तो. बाकी काय न्हाई."

बयजा बोट वर धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं ते पदराला पुसलं आणि कामाला लागली.

इथं चुकली बघा ती! एवढी शहाणी, एवढी जाणती बाई, आणि ज्या रांजणाला आपण जीभ लावायची नाही त्याचं पाणी पुढं कुणाच्या तोंडात जाणार आहे, हे तिला त्या घटकेला सुचलं नाही. का सुचलं नाही, तेही सांगतो. ती रंगारीण होती. पाण्याची पारख ती डोळ्यानं करायची. भिवाजीनं कारखान्यामागं एक मोठा खड्डा खणला होता. रांजणाचं पाणी आधी त्यात सोडायचं, नीळ तळाला बसली की वरचं पाणी ओढ्याला द्यायचं. ते पाणी कसं दिसायचं म्हणता? आरशासारखं! तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. बयजा बघायची आणि तिला समाधान वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारचा ओढा नितळ वाहत होता.

वाडीलाही आनंद झाला. माघात ठकूची म्हैस व्याली, तेव्हा ती खरवसाचं पातेलं डोक्यावर घेऊन घाट चढून आली. "मालकीणबाई, भांडायला येत होते, आता गोड द्यायला आले. पाणी लई झाक झालंया." बयजानं खरवस घेतला आणि तिच्या ओटीत नारळ घातला. दोघी ओसरीवर बसून पोटभर बोलल्या, असं सांगतात. ठकूची धाकटी सून तेव्हा पोटुशी होती. बयजानं तिच्यासाठी निळ्या काठाचं लुगडं काढून ठेवलं होतं.

चैत्रात ओढा आटत चालला आणि वाडीतल्या म्हशी गाभडायला लागल्या. वैशाखात त्या उभ्या उभ्या पडू लागल्या. मग माणसांना उलट्या सुरू झाल्या. तळहातांवर काळे बारीक ठिपके उठले, केस गळाले. वाडीनं म्हसोबाला कोंबडं दिलं, अंगारा लावला, एका बिचाऱ्या परक्या बैराग्याला दगड मारून हाकलून दिलं. पाण्याकडं कुणाचंच बोट गेलं नाही. एवढं स्वच्छ पाणी, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? ठकूची सून बाळंत झाली ती बाळासकट गेली. ते निळ्या काठाचं लुगडं तिच्या अंगावर घालून तिला नेलं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी ठकू घाटावर आली. ती भांडली नाही. कारखान्यातली सगळी माणसं कामाला लागली होती, बयजा आणि भिवाजी खड्ड्याचं पाणी ओढ्यात सोडत होते. ठकू म्हणाली, "मालकीणबाई, माझ्या अकरा म्हशी. पाच वरच्या कुरणात ऱ्हात्यात, तुमच्या रांजणांच्या वर. त्या पाची धडधाकट हायत. खालच्या साही मेल्या."

भिवाजी हसला. "ठकूबाई, पाणी बघा की. रंगाचा थेंब तरी दिसतोय का?"

आणि बयजा, आमची बयजा, तीही म्हणाली, "ठकू, तुझं दुःख मला कळतंय गं. पण एवढं निवळ पाणी ह्या ओढ्यानं माझ्या उभ्या जन्मात बघितलं न्हाई."

ठकूनं कमरेचा तांब्या काढला, खाली वाकली, जिथं खड्ड्याचं पाणी ओढ्यात पडत होतं तिथला भरून घेतला आणि बयजापुढं धरला. "मग घ्या. प्या."

बयजानं तांब्या घेतला. तिच्या मनात काही शंका नव्हती. ती तांब्या ओठाशी नेते न नेते तोच भिवाजीचा उजवा हात उठला आणि त्यानं तो तांब्या उडवून दिला. तांब्या पायऱ्यांवरून गडगडत गेला.

भिवाजी स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. त्याला बंदरावर कुणीतरी सांगितलं होतं, हे पाणी जनावराला पाजू नका. त्यानं ते मनाच्या कोपऱ्यात लोटून दिलं होतं. ओढ्यात गेलं म्हणजे गेलं, पाणी वाहून जातं, अशी स्वतःची समजूत घातली होती. वाडीतली माणसं ते पीत होती तोवर त्याचा हात गप्प होता. वहिनीच्या ओठाला लागायची वेळ आली आणि हातानं त्याचं ऐकलं नाही.

बयजाला सगळं कळलं. ती पायऱ्या उतरून खाली गेली, तांब्या उचलला आणि पुन्हा त्याच जागेवर भरला. "वहिनी, नको! पाया पडतो!" म्हणत भिवाजी धावला, तर ती त्याच्याकडं वळून म्हणाली, "भावजी, हात लावाल तर ह्या घरचं नातं तुटलं." आणि तिनं तो तांब्या सगळ्यांदेखत, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

तिनं पण केला तो तिथंच. "माझ्या रांजणाचं पाणी जो पितो, त्याच्याच पाणवठ्याचं पाणी आजपासून ह्या घरात येईल. वरचा घाट ह्या घराला बंद."

तीन दिवस बयजा जगते की मरते असं झालं. ओकून ओकून नुसतं सालपट उरली. चौथ्या दिवशी भिंत धरून उठली आणि तिनं गडी बोलावले. रांजण फोडायचे नाहीत, म्हणाली, फोडले तर सगळं ओढ्यात जाईल. काळ्या मातीचा गिलावा करून बाराही तोंडं बंद करवली आणि वर एकेक शिळा ठेववली. त्या मागच्या अंगणातल्या बारा शिळा बघितल्यात ना तुम्ही? त्याच त्या. आजपर्यंत एकही हललेली नाही. खड्ड्यातला गाळ तिनं बैलगाड्यांनी पार त्या उघड्या माळावर नेऊन पुरला. तिथं अजून गवत उगवत नाही.

सहाशेतली दोनशे ठाणं झाली होती. तीही तिनं विकायला नकार दिला. मोरोशेट घोड्यावरून आला, खाली न उतरताच म्हणाला, "बाई, गवळ्यांच्या म्हशींपायी धंदा बुडवताय? गिऱ्हाइकाला काय कळतं? निळं ते निळं!"

"मला कळतंय," बयजा म्हणाली, "तेवढं पुरे हाय."

मग गावचे पंच बसले. चाळीस घरं त्या रांजणांवर जगत होती. त्यांचाही राग खोटा नव्हता हो. पोटावर पाय आला की माणूस बोलणारच. एक पंच म्हणाला, "बयजाबाई, चाळीस चुली विझवल्यात तुम्ही." बाई उठून उभी राहिली. अजून नीट उभंही राहवत नव्हतं, खांबाला धरून बोलली. "माझी चूल पेटावी म्हणून ठकूची विझवायची, ह्याला धंदा म्हणत न्हाईत, दरोडा म्हणत्यात. मी निळारीण हाय. दरोडेखोर व्हायचं असतं तर रांजण कशाला ढवळत बसले असते? ज्याला माझ्याबरोबर बारा दिवसांची नीळ करायचीय त्यानं थांबावं. बाकीच्यांना वाट मोकळी हाय. चाळीस चुली मी पुन्हा पेटवीन, न्हाई पेटवल्या तर हे घर तुमच्या नावावर करीन."

तिघं थांबले. बाकीचे सगळे गेले. भिवाजीही गेला. मोरोशेटनं डोंगरापलीकडं नवा कारखाना घातला, हरताळाचाच, आणि त्याला तिथं मुख्य केलं. जाताना तो उंबऱ्यात उभा राहिला, पण वहिनीकडं मान वर करून बघायची त्याची छाती झाली नाही.

आता तुम्हाला वाटेल, बयजानं एवढं केल्यावर वाडी तिच्या पाया पडली असेल. कशाला पडेल? बयजा खाली ठकूच्या अंगणात गेली, तेव्हा ठकू शेण थापत होती. तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "माझी सून परत येणार हाय का?"

"न्हाई," बयजा म्हणाली. "म्हणून मी माफी मागायला आलेच न्हाई. एक वस्तू द्यायला आले."

आणि तिनं एक कोरं, पांढरं कापड ठकूच्या पुढ्यात ठेवलं. "ह्याच्या कोपऱ्याला गाठ मार. तुझ्या हातची गाठ असल्याशिवाय माझं कापड रांजणात जाणार न्हाई. तुझ्या पाण्याला बरं हाय असं तुला वाटंल तवाच मार."

ठकूनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "आन् मी न्हाईच मारली तर?"

"तर न्हाई रंगणार."

"जन्मभर न्हाई मारली तर?"

"तर जन्मभर न्हाई रंगणार. तुझा हक्कच हाय तो."

ठकूनं गाठ मारली नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. ओढ्याला पूर आले आणि गेले. बयजाच्या तिघा गड्यांनी चार नवे रांजण पुरले, पण ते कोरडे पडून होते. बयजा मात्र रोज सकाळी हंडा घेऊन खाली यायची, पाणी भरायची आणि निघून जायची. पावसात, चिखलात, अंगात ताप असतानासुद्धा. ठकू रोज गोठ्याच्या दारातून बघायची. चार महिने दोघींत एक शब्द नाही. गावात लोक बयजाला वेडी म्हणायचे. मोरोशेटची माणसं वाटेनं जाताना मुद्दाम हाक मारायची, "काय बाई, गाठ मिळाली का?" ती उत्तर द्यायची, "मिळंल तवा तुमच्या शेटला आधी कळवीन."

भादव्यात ठकूची एक म्हैस खालच्या पाण्यावर राहून नीट व्याली. रेडकू उभं राहिलं, प्यायलं, उड्या मारायला लागलं. त्या दिवशी वाडीतल्या बायका माळावर गेल्या आणि त्यांनी सुपं भरभरून टाकळ्याचं बी गोळा केलं. दसऱ्याच्या बारा दिवस आधी ती सुपं बयजाच्या ओसरीवर होती. कुणी ठेवली ते दिसलं नाही. रांजण भरले. बयजा रोज करंगळी जिभेला लावायची आणि म्हणायची, "कच्चा हाय." बाराव्या सकाळी तिनं बोट चाखलं, डोळे मिटले आणि रडायला लागली. मग म्हणाली, "आला." दसऱ्याला ठकू घाट चढून आली. तिनं म्हशीच्या दाव्याचा एक धागा सोडवून त्यानं कापडाच्या कोपऱ्याला गाठ मारली. कापड रांजणात बुडवून काढलं, गाठ सोडली, तर निळ्या कापडावर पांढरी चांदणी उमटली होती.

पहिल्या वर्षी अशी चाळीस ठाणंसुद्धा झाली नाहीत. बयजानं ती स्वतः जत्रेत नेऊन विकली. बायका विचारायच्या, "हा कोपरा कोरा का?" मग ती सांगायची. काही लपवायची नाही, सुनेचं, बाळाचं, स्वतःच्या चुकीचं सगळं सांगायची. पुढच्या वर्षी बायकाच विचारायला लागल्या, "चांदणीचं हाय का?" कारण मोरोशेटचं कापड वर्षाच्या आत घडीवर विरायचं, अंगाला खाज सुटायची, धुतलं की हात निळे. चांदणीचं लुगडं आईचं लेकीला जायचं. चार रांजणांचे आठ झाले, आठांचे वीस. चाळीस चुली पेटल्या, शिवाय वाडीतल्या वीस. टाकळा वाडीनं आणायचा, गाठी वाडीनं मारायच्या, जत्रेला माल वाडीच्या गाड्यांतून जायचा.

आणि मोठा दुष्काळ पडला तेव्हा काय झालं, ते ऐका. ओढा ठणठणीत कोरडा. पंचक्रोशीतले सगळे रंगारी हात बांधून बसले. वाडीत मात्र एक झरा होता, म्हशींपुरता. ठकू तेव्हा पार म्हातारी झाली होती. तिनं सांगितलं, झऱ्याचं निम्मं पाणी बयजाच्या रांजणांना जाईल. वाडीतल्या पोरांनी कुरकुर केली, तर म्हणाली, "ती आपलं पाणी पिती. आपल्याला तहान लागंल तवा तिलाबी लागंल." त्या वर्षी सबंध मुलखात नवं निळं कापड निघालं ते फक्त रांजणगव्हाणला.

मोरोशेट आला की मग. या खेपेला घोड्यावरून उतरला. म्हणाला, सगळा माल मी घेतो. बयजा म्हणाली, "माझ्याकडं काय मागता? खाली जावा, ठकूला विचारा." ठकूनं त्याला धारा काढून होईपर्यंत शेणाच्या पाटीशेजारी बसवून ठेवलं. आणि मग विचारलं, "तुमच्या डोंगरापलीकडच्या वढ्याचं पाणी तुम्ही पिता का वो शेट?" शेट उठून गेला, तो परत आला नाही. त्याचा कारखाना त्याच साली बंद पडला.

आणि एक दिवस घाटावर एक माणूस उभा दिसला. डोक्यावर केस नाहीत, अंग वाळलेलं. त्यानं काही न बोलता दोन्ही तळहात पुढं केले. ते काळ्या ठिपक्यांनी भरले होते. बयजा म्हातारी झाली होती, तरी तिनं ओळखलं. "भावजी," ती म्हणाली, "किती उशीर केलात!"

भिवाजी म्हणाला, "वहिनी, मला रांजणाला लावू नका. अंगण झाडीन. पण इथं मरू द्या."

बयजाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती म्हणाली, "हे मी ठरवायचं न्हाई." आणि त्याला खालच्या पाणवठ्यावर घेऊन गेली. वाडी जमली. ठकूला दोन बायकांनी धरून आणलं. दसरा दोन दिवसांवर होता, पण ठकू म्हणाली, दसरा आजच धरा. तिनं तांब्या भरला आणि बयजाच्या हातात दिला. "तू पी." मग ती भिवाजीजवळ गेली आणि त्याचं उजवं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं. "मला बघायचंय, हा हात काय म्हणतो."

बयजा प्यायली. एक घोट, दुसरा, तिसरा. सगळी वाडी त्या हाताकडं बघत होती. ठकूच्या मुठीत तो हात ओल्या कापडासारखा निवांत पडून होता, जरासुद्धा हलला नाही. तांब्या रिकामा झाला. ठकू खूप वेळ मनगट तसंच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "असू दे हा इथं." आणि त्याच्या खांद्यावरच्या उपरण्याला तिनं एक गाठ मारली.

तेव्हापासूनची ही रीत. आजही दसऱ्याला मालक पाणी पितो आणि वाडीतली बाई भाऊबंदाचा हात धरते. हात नुसता दचकला तरी ती मनगट सोडून घरी निघून जाते आणि त्या वर्षी एकाही कापडाला गाठ लागत नाही. असं एकदाच झालं म्हणतात, माझ्या पणजोबांच्या वेळी. कुणीतरी गुपचूप हरताळाचं एक पोतं आणलं होतं. सबंध हंगाम रांजण कोरडे राहिले. लोकांनी उपास काढले, पण वाडीच्या पाया पडून गाठ मागायला कुणी गेलं नाही. पोतं माळावर पुरलं आणि पुढच्या दसऱ्याची वाट बघितली.

अधूनमधून शहरातले लोक येतात, सांगतात, आजोबा, वरून नळ घ्या, कशाला ही पायपीट, कशाला त्या गाठी, अशानं धंदा वाढतो का? मी त्यांना म्हणतो, बाबांनो, पलीकडच्या डोंगरात मोरोशेटच्या कारखान्याची भिंतसुद्धा सापडत नाही. आमचे रांजण मोजून घ्या.

घ्या, पाणी घ्या. लांबून आलात, ऊनही फार आहे. हो, खालचंच आहे, सकाळीच भरून आणलंय.

माझ्या हाताकडं काय बघताय? बरोबर ओळखलंत. मी बयजाच्या घरचा असलो तरी तिच्या वंशातला नाही, तिला मूलबाळ नव्हतं. मी भिवाजीच्या पोरांच्या वंशातला. गेली एकतीस वर्षं दसऱ्याला मनगट धरतात ते माझं. प्या तुम्ही निर्धास्त.